दुसऱ्याच्या हौद्यात

कोल्हापूर,
रविवार सकाळ

प्रिय बाळ्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून 'बघू, सांगतो' म्हणून ठेवला. तुला वाटलं असेल, गडी टाळतोय. टाळत नव्हतो लेका. 'होय' किंवा 'नको' म्हणून मिटण्यासारखा हा विषय नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. पत्र लांबणार आहे. चहा घेऊनच वाच.

तुझ्या चिरंजीवांना बॉक्सिंगची लढत चालून आली, तीही पैशावर लढणाऱ्या मुरलेल्या बॉक्सरबरोबर, हे ऐकून छाती फुगली, हे आधी सांगतो. पण तू जो प्रश्न विचारलास ना, 'एमएमएत एवढ्यांना झोपवलंय यानं, मग एका बॉक्सरला का नाही झोपवणार?', तिथंच सगळी गोम आहे. एमएमएत, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, पोराच्या हाताशी काय काय असतं बघ. लाथ, गुडघा, कोपर, पायाला धरून पट काढणं, खाली घेऊन गळा आवळणं. बॉक्सिंगच्या रिंगणात चढताना पंच हे सगळं दारातच काढून ठेवायला लावतो. उरतात दोन मुठी. आणि समोरचा असा, की त्यानं जन्मभर दुसरं काही केलेलंच नाही.

म्हणजे जायचंच नाही का? तसं नाही. ऐक.

२०१७ च्या ऑगस्टमधली लास व्हेगासची लढत तुला आठवत असेल. फ्लॉइड मेवेदर आणि कॉनर मॅग्रेगर. (आमच्या चौकातल्या एका म्हाताऱ्यानं तेव्हा विचारलं होतं, 'आपल्या मेरी वेदर मैदानाचा कोण लागतो रे ह्यो?') मेवेदर चाळिशीचा बॉक्सर, ४९ लढती आणि एकही हार नाही. मॅग्रेगर २९ वर्षांचा, यूएफसीचा, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा राजा, पण व्यावसायिक बॉक्सिंगची एकही लढत खेळलेला नाही. सगळ्यांना वाटलं, दोन मिनिटांत खेळ खलास. पण पहिले तीन राउंड मॅग्रेगरच बरा दिसला. डावखुरा, अंगानं मोठा, कुठून ठोसा येईल त्याचा नेम नाही. पहिल्याच राउंडमध्ये त्यानं खालून हनुवटीला एक लगावला. इकडं आमची पोरं नाचायला लागली.

मेवेदर काय करत होता? काहीच नाही. हात वर, हनुवटी आत, कमीत कमी ठोसे. समोरच्याला मारू देत होता आणि वाचत होता. चौथ्या राउंडपासून तो पुढं चालायला लागला. पोटात, बरगडीत, मग तोंडावर. मॅग्रेगरचे हात जड झाले, पाय एकमेकांत अडकायला लागले आणि दहाव्या राउंडला पंचांनी मध्ये पडून थांबवलं. आकडे बघ, म्हणजे लक्षात येईल. मॅग्रेगरनं ४३० ठोसे फेकले, लागले १११. मेवेदरनं फेकले ३२०, लागले १७०. कमी फेकून जास्त लावले. दम कुणाचा आणि का संपला, ते यातच आलं.

दमाचं गणित तुझ्या पोराला नीट समजाव. एमएमएत पाच मिनिटांचे तीन राउंड, किताबाची लढत असेल तर पाच. बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांचे, पण बारापर्यंत जातात. शिवाय एमएमएत समोरच्याला जाळीवर दाबून, त्याच्या अंगावर भार टाकून जरा श्वास घेता येतो. बॉक्सिंगमध्ये मिठी मारलीस की पंच सोडवतो. हात खाली घेतले तर जबडा उघडा, वर ठेवले तर खांद्यात आग. ज्याला सवय नाही त्याचा खांदा पायाच्या आधी मरतो.

गेल्या दिवाळीत पोरगं इकडं आलं होतं तेव्हा मी त्याला आमच्या परड्यात सराव करताना बघितलंय. ठोसा कडक आहे त्याचा, प्रश्नच नाही. पण मी तोंडाकडं बघत नव्हतो, पायाकडं बघत होतो, ही तालमीतली खोड. त्याचा पुढचा पाय फार हलका. टाच टेकली न टेकली, कारण कुणी मांडीवर लाथ घातली तर चटकन उचलता यायला हवा. अंतर दोन पाऊल जास्त ठेवतो, कारण कुणी पटात शिरेल ही भीती. आणि मी गमतीनं हात पुढं केला की त्याचा डावा हात आपसूक माझ्या मनगटावर आणि उजवा मानेवर. हे सगळं त्याच्या खेळात शहाणपणाचं आहे. बॉक्सिंगमध्ये यातली एकेक सवय म्हणजे बॉक्सरला दिलेलं आमंत्रण. मान धरायला हात गेला, की तेवढ्या वेळात जबड्याचं दार सताड उघडं. मॅग्रेगरचंही तेच व्हायचं बघ. मिठीत आला की मेवेदरच्या मागं जायचा आणि डोक्याच्या मागच्या बाजूला मुठीनं हातोड्यासारखं ठोकायचा. पंच रॉबर्ट बर्ड यांनी त्याला किती वेळा टोकलं. अंगात मुरलेलं अंगातून जातंय होय रे?

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर तू म्हणशील, हा नुसता घाबरवतोय.

फ्रान्सिस न्गानू. कॅमेरूनच्या एका खेड्यातलं पोरगं, लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेलं. बॉक्सर व्हायचं म्हणून घर सोडलं, पॅरिसला पोचलं, तिथं रस्त्यावर झोपलं आणि मग एमएमएत शिरून यूएफसीचा हेवीवेट राजा झालं. २०२३ च्या सुरुवातीला करारावरून यूएफसी सोडलं आणि ऑक्टोबरमध्ये रियाधला थेट टायसन फ्युरीसमोर उभं राहिलं. फ्युरी तेव्हा हेवीवेटचा जगज्जेता, तोवर एकही हार नाही. न्गानूची ही आयुष्यातली पहिली व्यावसायिक बॉक्सिंग लढत. तालमीला मदत कुणाची, तर खुद्द माइक टायसनची.

तिसरा राउंड. फ्युरी निवांत पुढं येतो, ठोसा टाकतो, अंगाचा भार पुढं गेलेला. न्गानू त्याच क्षणी डावा हुक फिरवतो आणि तो डोक्याच्या बाजूला बसतो. एवढा सहा फूट नऊ इंचाचा गडी धाडकन खाली. मी ते कितीदा मागं नेऊन बघितलंय. हुक काही फार देखणा नव्हता. पण तो अशा वेळी आणि अशा कोनातून आला, की कुठल्याही बॉक्सरनं तसा मारला नसता. म्हणूनच फ्युरीला तो दिसला नाही.

पण पुढचं बघ, खरी गंमत त्यात आहे. फ्युरी पडला आणि न्गानूला बाजूला व्हावं लागलं. पंचानं आकडे मोजायला सुरुवात केली. एमएमएत असता तर न्गानू त्याच्या छातीवर बसला असता आणि विषय तिथंच संपला असता. बॉक्सिंगनं फ्युरीला श्वास घ्यायला वेळ दिला, तो उठला, दहा राउंड टिकला आणि पंचांनी दोनास एक असा निकाल त्याच्या बाजूनं दिला. एका पंचानं तर ९५-९४ असाच दिला होता. एका गुणावर अडलं रे! त्या रात्री जगभर लोक म्हणाले, न्गानू जिंकला होता. मीही म्हणालो.

मग सगळ्यांना जोर चढला. चारेक महिन्यांनी, मार्च २०२४ ला, तिथंच त्याची गाठ माजी जगज्जेता बॉक्सर अँथनी जोशुआशी घातली. आता जोशुआ काही निवांत आला नव्हता. त्याच्या लोकांनी फ्युरीची लढत बघून ठेवलेली. न्गानू कुठं उभा राहतो, हात कधी खाली जातो, सगळं तोंडपाठ. पहिल्या राउंडला एकदा पाडला, दुसऱ्याला दोनदा, आणि तिसऱ्यांदा पडला तो उठलाच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे बाळ्या. बाहेरून आलेल्याचं भांडवल म्हणजे त्याचं वेडंवाकडं असणं. ते भांडवल मॅग्रेगरला तीन राउंड पुरलं, न्गानूला एक लढत पुरली. एकदा समोरच्यानं वाचलं, की संपलं. म्हणून तुझ्या पोराला पहिली लढत मिळतेय ती मी वाईट मानत नाही. दुसरी मागितली तर मात्र खडसावून नाही म्हण.

एमएमएतल्या अँडरसन सिल्वाचं नाव तू घेशीलच. खरंय, २०२१ ला मेक्सिकोत, ग्वादालाहारात, ४६ व्या वर्षी त्यानं हुलियो सीझर चावेझ ज्युनियरला हरवलं. पण सिल्वा आधीपासूनच मुठी-लाथांचा खेळाडू, दोन बॉक्सिंग लढती पूर्वी खेळलेला. आणि चावेझ वजनात न बसता आलेला. बाप केवढा मोठा बॉक्सर आणि लेक कसा, हे तर तूच आम्हाला ऐकवत असायचास. उलट पैलवानाचं उदाहरण बघायचं तर बेन आस्क्रेन बघ. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला कुस्ती खेळलेला गडी, आणि २०२१ मध्ये त्याला यूट्यूबवरच्या जेक पॉलनं पहिल्याच राउंडमध्ये झोपवला. आमच्या वस्तादांना ते दाखवलं तर त्यांनी मोबाइलच उलटा ठेवला.

आणि बॉक्सर तिकडं गेला तर? २०१० ला जेम्स टोनी नावाचा जगज्जेता बॉक्सर यूएफसीत उतरला. समोर ४७ वर्षांचा रँडी कुटूर, मूळचा पैलवान. त्यानं सरळ वाकून एकेरी पट काढला, आपल्याकडं तालमीच्या हौद्यात, मातीच्या आखाड्यात, पहिल्या वर्षाची पोरं काढतात तसला, आणि टोनी पाठीवर. त्याला खाली काय करायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. पहिल्याच राउंडला हार. तेव्हा बॉक्सर मोठा की एमएमएवाला मोठा, हा वाद मिसळीच्या दुकानात घालायला बरा. लढत कुणाच्या हौद्यात आहे, तेवढंच बघायचं.

हे आपल्याला कुणी नव्यानं सांगायची गरज नाही. महाराष्ट्र केसरीला माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा आणि शेवटची कुस्ती दोन्हीकडच्या विजेत्यांत गादीवर. मातीतल्या गड्याला तिथं पहिल्या दोन मिनिटांत काय वाटत असेल ते विचार. पाय रुतत नाही, घाम लागला की पकड सुटते, आणि चितपट न करताही गुण जातात. आणि ही एकच विद्या आहे बरं, फक्त खालचा थर बदललाय! खाशाबा जाधवांचंच घे. १९४८ ला लंडनला गेले, मातीतले पैलवान, मॅट आणि तिथले नियम दोन्ही नवे. सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला कांस्यपदक आणलं. मधली चार वर्षं लागली त्यांना, आणि ते खाशाबा होते. तुझ्या पोराला आयोजकांनी किती वेळ दिलाय? तीन महिने म्हणालास ना?

म्हणून माझं मत लिहून देतो. लढू दे, पण अटी आपल्या. राउंड सहाच्या वर नकोत. चार मिळाले तर सोनं. हातमोज्यांचं वजन आधी ठरव. मेवेदरच्या लढतीला नियमाप्रमाणं दहा औंसाचे असायला हवे होते, पण दोघांनी मागणी करून आठ औंसाचे मंजूर करून घेतले. एमएमएत हे पोरगं चार औंसाचे, बोटं उघडी असलेले वापरतं. मोठ्या मोज्यांमागं बॉक्सर ढालीमागं लपावा तसा लपतो, लहान असतील तर फटीतून एखादा तरी शिरतो. त्यामुळं आपल्याला लहान मोजे फायद्याचे. पण लागले तर आपल्यालाही तेवढेच लागणार, हे वहिनींना सांगू नकोस.

तीन महिने कुस्ती आणि लाथा पूर्ण बंद. कुठल्याही चांगल्या बॉक्सिंगच्या क्लबात जाऊन रोज खऱ्या बॉक्सरांकडून मार खाऊ दे. मनगट धरायची खोड मोडायची असेल तर दुसरा इलाज नाही. आणि लढतीत पहिल्या दोन राउंडमध्ये जे काय करायचं ते करायचं. अंग टाकायचं, विचित्र कोनातून मारायचं, गोंधळ घालायचा. समोरच्याला वाचायला वेळ मिळाला की आपण गेलो.

पैशाचं तू जरा आढेवेढे घेत बोललास. लाजतोस कशाला मर्दा? खासबागेत नेमलेली कुस्ती इनामावर लागते, तेव्हा कुणी लाजतं का? मॅग्रेगर आणि न्गानू दोघांनीही बॉक्सिंगच्या लढतीतून मोठा पैसा कमावला, आणि त्यात गैर काही नाही. पण अर्धी रक्कम आधी घे. लढत ऐनवेळी रद्द झाली तर काय, डॉक्टर कुणाचा, मेंदूचं स्कॅनिंग आधी आणि नंतर कुणाच्या खर्चानं, हे कागदावर असल्याशिवाय सही करू देऊ नकोस. मागं एका आयोजकानं आमच्या तालमीतल्या पोराला फक्त तोंडी आकड्यावर लढवलं आणि नंतर फोन उचलला नाही. नाव लिहीत नाही, तुला भेटीत सांगेन.

काकूंना माझा नमस्कार. पोराला म्हणावं, लढतीच्या आधी पंधरा दिवस इकडं येऊ नको. इथं आला की दूध कट्ट्यावर आणि तांबड्या-पांढऱ्यावर वजन हाताबाहेर जाईल. लढत झाली की मात्र आणच त्याला, निकाल काही लागो.

आणि हो, करार व्हॉट्सअॅपवर आज रात्रीच पाठव. धाकट्या मेहुण्याला दाखवून घेतो. तो वकिलीत कच्चा आहे, पण मोजे, राउंड आणि डॉक्टर हे तीन रकाने वाचायला तेवढा पुरेसा आहे.

तुझाच,
भाऊ