तिथं साडेआठ, इथं चार

ट्रॉम्सो, नॉर्वे
२२ जानेवारी २०२६

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी खोटं बोलते म्हणून. तू विचारतेस, "जेवलीस का?" मी म्हणते, "हो, वरण-भात केला होता." मग मी विचारते, "तू?" तू म्हणतेस, "कधीच!" परवा समोरच्या काकूंशी बोलले तेव्हा कळलं की तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा संध्याकाळी सातलाच बंद होतो आणि रात्री तू कपभर दूध नि दोन बटर खाऊन आडवी होतेस. काकूंवर रागावू नकोस, मीच त्यांना खोदून खोदून विचारलं. तुझं खोटं मला कळलंय, तर आता माझंही सांगून टाकते.

काल इथं सूर्य आला. म्हणजे यायचा होता. २१ नोव्हेंबरला तो डोंगराआड गेला तो गेलाच. संक्रांतीला तू म्हणालीस, आता दिवस तिळातिळानं वाढणार. इथं संक्रांतीलाही सूर्य नव्हता. हिशेबानं १५ जानेवारीला तो क्षितिजाच्या वर येतो, पण गावाभोवती सगळीकडे डोंगर, त्यामुळं दिसायला २१ तारीख उजाडते. त्या दिवसाला 'सूलदाग' म्हणतात, सूर्याचा दिवस. बेकऱ्यांमधून जॅम भरलेले, तळलेले गोल बन येतात, साखरेत लोळवलेले. आमच्या लॅबमध्ये दोन खोकी आली होती. बाराच्या सुमारास सगळे दक्षिणेच्या खिडकीशी जमलो. बाहेर नुसते ढग. सूर्य काही दिसला नाही. कोणी हळहळलं नाही, सगळ्यांनी ढगांकडे बघत बन खाल्ले आणि एकमेकांना शुभेच्छा दिल्या. मला हसू आलं, आणि मग कितीतरी दिवसांनी हसले हे लक्षात आलं.

दोन महिने इथं मिट्ट काळोख असतो असं तू काकूंना सांगतेस, तसं नाही हं. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड असतो. काकडआरतीला जाताना घाटावर पाण्याचा जसा रंग दिसायचा, तसा. फक्त तो पुढं सरकत नाही. आता उजाडेल, आता उजाडेल असं वाटत राहतं आणि पुन्हा रात्र होते.

या काळात मी शरीराची बडदास्त मात्र चोख ठेवली होती. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत इथल्या उन्हात कातडीला ड जीवनसत्त्व बनवता येईल एवढी ताकदच नसते, म्हणून त्याची गोळी रोज. इथली जुनी रीत अशी की ज्या महिन्याच्या नावात 'र' येतो, त्या महिन्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल चमचाभर प्यायचं. सप्टेंबरात सुरू, एप्रिलात बंद. (बाबांच्या फोटोसमोर हे मोठ्यानं वाचू नकोस, पण पहिल्या वर्षी मी दोन चमचे प्यायले. मग गोळीवर आले.) सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सचा दिवा तोंडासमोर ठेवून बसायचं. मेंदूला सकाळ झाल्याचं कळावं, शरीरातलं घड्याळ जागेवर राहावं, म्हणून. आपल्या अंगणात मार्गशीर्षातल्या दुपारी याच्या कितीतरी पट ऊन फुकट पडलेलं असतं आणि आपण त्यात सांडगे वाळवतो! मनगटावरचं घड्याळ पावलं मोजत होतं, झोप मोजत होतं. वाटाणे, मसूर, दही, सगळं वजन करून खात होते. एवढं करूनही डिसेंबरात माझं काहीतरी बिनसलं. दहा तास झोपून अंग जड. केस जायला लागले. पाठ अशी धरायची की लॅबमध्ये माशांच्या रक्ताचे नमुने तपासताना मधेच उभं राहावं लागायचं.

तुला बोलले नाही. तू हवन घातलं असतंस.

शेवटी डॉक्टरकडे गेले. रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व ठीक, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन तुझ्यापेक्षा चांगलं. डॉक्टरबाईंनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, "जेवायला कोणाबरोबर बसतेस?" मला वाटलं माझं नॉर्वेजियन कच्चं, काय जेवतेस असं विचारलं असेल. म्हणून मी मसूर-दह्याची यादी सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आई, मला उत्तरच देता येईना. शुक्रवारी दुपारी लॅब सुटली की सोमवारी सकाळपर्यंत मी कोणाशी समोरासमोर बोलत नव्हते. इथली माणसं वाईट नाहीत, लाजरी आहेत. बसमध्ये दोघांच्या बाकावर एक जण बसला असला तर दुसरा उभा राहील, पण शेजारी बसणार नाही. त्यांची घरं, पोरंबाळं, समुद्राकाठच्या झोपड्या, सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. ओट्याशी उभी राहून मी जेवायचे. ताटसुद्धा घेत नव्हते, डब्यातूनच.

आणि रात्री बारा-साडेबाराला भूक लागायची. पोट भरलेलं असताना. मग मी 'ब्रून-ओस्त' खायचे. तपकिरी चीज. चीज काढून उरलेलं दुधाचं पाणी इथं तासन्‌तास आटवतात, त्यातली साखर करपून तांबूस होते, आणि त्याची वडी पाडतात. पावावर घ्यायला पातळ पापुद्रे तासायचे असतात. मी तुकडे तोडून खायचे. अर्ध्या किलोची वडी आठवड्यात संपायची. मला वाटायचं अंगात काहीतरी कमी असेल, म्हणून असं खावंसं वाटतं. एका रात्री तोंडात तुकडा विरघळत असताना कळलं, ही चव कंदी पेढ्याची आहे. अगदी तीच नाही, थोडी खारट. पण बाबा साताऱ्याहून तारीख संपवून आले की पिशवीतून जो पुडा काढायचे, त्यातल्या पहिल्या पेढ्याची. तशीच ओट्याशी बसले आणि रडले. बाबा जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. तेराव्यापर्यंत पाहुणे, कागदपत्रं, तुझं बीपी, दादाची धावपळ, यात मी रडलेच नव्हते, आणि चौदाव्या दिवशी विमानात बसले. मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं, रडलीस का म्हणून. विचारत होते ते एवढंच, जेवलीस का.

त्यानंतर मी लगेच ठणठणीत झाले असं समजू नकोस. पाठ अजून दुखते. पण त्या रात्रीपासून बारानंतरची वडी सुटली.

आता दुसरी गोष्ट. माझ्या सहकारी बाई आहेत, साठीच्या आतल्या, फार बोलत नाहीत. सुट्टीनंतर जानेवारीत कामावर आले तेव्हा त्यांनी विचारलं, आमच्या गायकवृंदात येशील का. मी म्हटलं, मला भाषा येत नाही. त्या म्हणाल्या, श्वास घेता येतो ना? गेले. वीस-बावीस जण, बहुतेक बायका. शब्द निम्मे कळत नव्हते. पण एका ठिकाणी सगळ्यांनी एकदम श्वास घेतला आणि एकदम सोडला, तेव्हा अंगावर काटा आला. स्वीडनमधल्या गोटेबर्ग विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ मध्ये तपासून बघितलंय की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोकेसुद्धा एकमेकांबरोबर वर-खाली व्हायला लागतात, कारण गाण्याच्या ओळी सगळ्यांना एकाच लयीत श्वास घ्यायला लावतात. मला लगेच तुमची गुरुवारची मंडळी आठवली. चिपळ्या चुकतात, पेटी बेसूर, तरी घरी येताना तुझा चेहरा वेगळा असायचा. बाबा म्हणायचे, "आज हिचा गुरुवार आहे, आज काही मागून घ्या."

पण सांगायचं ते गाण्याचं नाही. परत येताना रस्त्यावर काचेसारखा बर्फ होता. इथं बुटाखाली खिळ्यांची पट्टी बांधतात, मी ती घरी विसरले होते. त्या बाईंनी काही न बोलता माझा दंड धरला आणि घराच्या दारापर्यंत सोडला नाही. जाड कोटावरून, हातमोज्यातून. ऑगस्टमध्ये वाईच्या स्टँडवर गाडी सुटायच्या आधी तू माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली होतीस. त्यानंतर पहिल्यांदा मला कोणी हात लावला होता. साडेचार महिन्यांनी. अन्न, झोप, उजेड, सगळ्याचा हिशेब होता माझ्याकडे, या गोष्टीचा रकानाच नव्हता. ही भूक शरीराची म्हणायची की मनाची? मला सांगता येणार नाही. त्या रात्री मात्र मी आठ तास झोपले आणि सकाळी उठल्यावर अंग हलकं होतं.

आता तुझ्याकडे येते.

दादा म्हणाला, तुझं हिमोग्लोबिन ८.७ आलंय आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. आणि काकू म्हणाल्या, तू ती गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतेस. चहानं लोह अंगी लागत नाही गं. मधे तास-दोन तास जाऊ देत. गोळीबरोबर लिंबूपाणी घे किंवा आवळा खा, त्यानं चांगलं लागतं. हे झालं गोळीचं. पण मला ठाऊक आहे, तुझं रक्त गोळीअभावी कमी झालेलं नाही. एकटीसाठी काय कुकर लावायचा, असं तू म्हणतेस ना, तिथून ते कमी झालंय. पन्नास वर्षं तू कोणाला तरी वाढण्यासाठी रांधलंस. वाढायला समोर कोणी नाही म्हटल्यावर तुझी भूकच रुसली. दादा म्हणतो, स्वयंपाकाला बाई लावू. लावा. पण ती पोळ्या करून जाईल, तुझ्यासमोर बसेल थोडीच?

आणि एक राग आहे माझ्या मनात, तो लिहूनच टाकते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी तुला दोनदा बोलावलं. तू डोकं दुखतंय सांगून आत बसलीस. खिडकीतून बायकांची ये-जा बघत. आई, २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवांच्या या सगळ्या प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा बाबांनीच ती बातमी पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवली होती. आणि तू भाजी निवडता निवडता म्हणाली होतीस, "बरं केलं." मग आता स्वतःवर वेळ आल्यावर कसं काय बदललं? बायकांच्या त्या गर्दीत कोणी तुझ्या हातात तीळगूळ ठेवला असता, कोणी खांद्यावर हात टाकला असता, कोणी चार टोमणे मारले असते. टोमण्यांनीसुद्धा माणूस जिवंत राहतो. कुंकवाचं काय ते तुझं तू ठरव, मी त्यात पडत नाही. पण गर्दी सोडू नकोस.

वर्षश्राद्ध झालं, आता भजनाला न जायला निमित्तही उरलेलं नाही. घाटाघाटांवर कृष्णाबाईचे उत्सव सुरू झाले असतील. मंडळी गाणारच, महाप्रसादाच्या पंगतीही बसतील. तुझ्या जागेवर कोण बसतं आता, चिपळ्या कोणाकडे आहेत, मला कळवशील? पंगतीत बसलीस की आग्रह करकरून वाढणारे असतात, तिथं तू दोन घास जास्तच खाशील, हा माझा अंदाज आहे. निदान एक गुरुवार जाऊन ये. नाही करमलं तर परत ये, मी पुन्हा म्हणणार नाही. (म्हणेन.)

आता मुद्द्याचं. इथं सगळे संध्याकाळी चारलाच रात्रीचं जेवण जेवतात. पहिल्यांदा मला हे अगदी दवाखान्यासारखं वाटायचं. पण काल हिशेब केला. हिवाळ्यात आपल्यात साडेचार तासांचा फरक. इथं चार, तेव्हा तिथं साडेआठ. बाबा असताना आपल्याकडे पानं साडेआठलाच मांडायची ना? मी साडेतीनला लॅबमधून निघते, चारला घरी. उद्यापासून मी ताट घेऊन बसणार, टेबलावर, ओट्याशी नाही. फोन मीठाच्या बरणीला टेकवून ठेवीन, तू मसाल्याच्या डब्याला टेकव. बोललंच पाहिजे असं नाही. तू नुसती वाढून घे आणि जेव. मला तुझ्या भांड्यांचा आवाज ऐकू आला तरी पुरे. फोनमधून कोणी दंड धरत नाही, हे मला कळतं. त्यासाठी मी जुलैत येते, चार आठवडे, तिकिटाचं पुढच्या महिन्यात बघते. तोवर हे.

मार्चच्या शेवटी इथली घड्याळं तासभर पुढं करतात, मग तुझे साडेसात होतील. तेव्हाचं तेव्हा बघू.

उद्या शुक्रवार. मी मुगाची खिचडी करणार आहे. तू निदान पिठलं-भात कर, आणि फोन लावल्यावर कढई दाखव. नुसतं ताट दाखवलेलं चालणार नाही, त्यात तू बटर ठेवशील.

काकूंना नमस्कार सांग. दादा-वहिनी पुण्याहून आले की त्यांनाही वाचायला दे, फक्त माशाच्या तेलाचा भाग सोडून.

तुझी,
ठमी