वह्या पाठवतो आहे

चिपळूण,
14 ऑगस्ट 2021

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलेस की तुमच्या वर्गाने आठवणींची एक वही करायचे ठरवले आहे आणि प्रत्येकाने तिच्यात एक पान लिहायचे आहे. तुला मात्र काही सुचत नाही, कारण कोरोनामुळे नववी मध्येच तुटली, दहावी मोबाइलमध्ये गेली, परीक्षा झाली नाही आणि निरोप समारंभही झाला नाही. त्या वेळी आपल्या वह्या-पेनांच्या दुकानात पुराचा गाळ उपसायला माणसे आली होती म्हणून मी बोलणे आवरते घेतले. आज सकाळपासून वीज नाही, गिऱ्हाईक तर नाहीच, तेव्हा सावकाश लिहितो.

आधी एक जुनी उधारी फेडतो. 16 जुलैला निकाल लागला, त्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने पेढे मागितले आणि मी तुझ्यादेखत म्हणालो, "यंदा कसले पेढे, सगळेच पास." राज्याचा निकाल 99.95 टक्के आणि आपल्या कोकण विभागाचा शंभर टक्के, त्यामुळे गिऱ्हाईक हसले. तू काही न बोलता माळ्यावर गेलीस. मी 1992 साली दहावीला बसलो, तेव्हा मार्चमधल्या त्या थोड्या दिवसांनी माझे पुढचे सगळे ठरवून टाकले, आणि त्या दिवसांचा धाक माझ्या मनात इतका मुरलेला आहे की जिने तो भोगला नाही तिचे गुण मला हलके वाटले. बोललो ते चुकलेच. त्यानंतर सहाच दिवसांनी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि हे सांगायचे राहून गेले.

ते गुण कसे दिले गेले हे मी नंतर नीट वाचले. प्रत्येक विषयाच्या शंभरांपैकी 50 गुण नववीच्या अंतिम निकालावरून, 30 दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनावरून आणि 20 तोंडी, प्रात्यक्षिक व गृहपाठावरून. आता यातली गंमत पाहा. तुमच्या नववीची वार्षिक परीक्षा एप्रिल 2020 मध्ये रद्द झाली होती, त्यामुळे तुमचा नववीचा निकाल मुख्यतः पहिल्या सत्राच्या परीक्षेवरून लावला गेला. म्हणजे तुझ्या गुणपत्रिकेचा जवळजवळ निम्मा भाग 2019 च्या पावसाळ्यात वर्गात बसून मिळवलेला आहे, ज्या पावसाळ्यात तू आईला रोज सांगत होतीस की नववीला कोण विचारतो, दहावीला बघू. त्या दिवसांत आपल्याला कोणी मोजते आहे याची तुम्हाला कल्पनाही नव्हती. आम्हाला निदान कधी शहाण्यासारखे वागायचे ते माहीत असे.

आता वह्यांचे. दुकानामागच्या खोलीत सात फूट पाणी होते, आणि तुझ्या वह्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होत्या. दुकानातला मालही गेला. शाळा बंद म्हणून जूनचे दोन हंगाम तसेच गेले होते, त्यामुळे दोनशे पानी वह्यांचे गठ्ठे पडून होते. ते पाणी पिऊन इतके फुगले की रॅकच्या फळ्यांचे खिळे उपटून आले. ते सगळे टाकले. तुझ्या वह्या टाकवल्या नाहीत. पंचवीस वर्षे वह्या आणि पेने विकतो आहे, पण कशाची अक्षरे पाण्यात टिकतात हे मला या पंधरवड्यात कळले. जेल पेनचे अक्षर धुऊन जाते आणि पानावर नुसती निळी सावली राहते, बॉलपेन टिकते, शिसपेन्सिलीला तर पाण्याने काहीच होत नाही. तू सगळी उत्तरे जेल पेनने लिहिलेली, तेव्हा इतिहास आणि विज्ञान संपले असे समज. त्या निळ्या पानांवर आता सरांच्या लाल बॉलपेनच्या खुणा, सह्या आणि तारखा तेवढ्या आहेत. भूमितीची वही मात्र जवळजवळ पूर्ण वाचली आहे; स्पर्शिका, चाप, कंपासचे टोक रुतल्याचे भोकसुद्धा जागेवर आहे.

आणि वाचली आहेत ती मागची पाने. तुम्ही ती पेन्सिलीने लिहीत होतात, बहुधा सर जवळ आले की खोडता यावे म्हणून. परवानगी न घेता मी ती वाचली. नववीच्या बीजगणिताच्या वहीमागे फुली-गोळ्याचे चार महिने आहेत आणि कोपऱ्यात एकूण हिशेब आहे, तुझे 31 आणि डावीकडे झुकलेले अक्षर काढणाऱ्या तुझ्या मैत्रिणीचे 27. डब्यात कोणी काय आणायचे याचा वार लावलेला आहे आणि गुरुवारी तुझ्या नावापुढे थालीपीठ आहे. गुरुवारीच थालीपीठ हवे म्हणून तू का भांडायचीस ते आईला आत्ता कळले. स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी कोणाकडून किती पैसे आले ती यादी आहे, आणि तिच्यात वीस रुपये कमी पडतात.

दहावीच्या वहीमागे आधी बरीच पाने फक्त तुझेच अक्षर आहे. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा आमचे संमतीपत्र लागत होते. त्या अर्जाच्या झेरॉक्स मी दिवसभर काढत होतो आणि स्वतःच्या अर्जावर सही करताना माझा हात अडला होता. वर्गात एका बाकावर एकच मुलगा बसवायचा असा नियम होता, तेव्हा वही शेजारी सरकवणार कोणाकडे? पुढे केव्हातरी ते झुकलेले अक्षर परत दिसते. ती लिहिते की ऑनलाइन तासाला ती वाडीवरून सड्यावर चढून जाई, तिथे रेंज मिळे, पण सर दिसत तेव्हा आवाज नसे आणि आवाज येई तेव्हा वानरे येत. खाली तू लिहिले आहेस, "वानरांची हजेरी लावली का?" अंतर राखण्याचा नियम तुम्ही किती पाळलात ते मी विचारत नाही.

शेवटच्या पानावर चौकोन आहेत. 29 एप्रिलला पहिला पेपर होता, तिथपर्यंतचे दिवस तू आखले होतेस आणि रोज एक चौकोन खोडत होतीस. खोडणे 12 एप्रिलला थांबते. त्या दिवशी परीक्षा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि आठवड्याभरात ती रद्दच झाली. पुढचे सतरा चौकोन कोरे आहेत. त्या सतरांकडे मी बराच वेळ पाहत बसलो, कारण त्या दिवसांत तू सकाळी उठून अभ्यासालाच बसत होतीस आणि मी ते पाहत होतो. पुढे अकरावीच्या सीईटीसाठी तू आत्याकडे जाताना भिजलेली विज्ञानाची पुस्तके पिशवीत घालून नेलीस, आणि मंगळवारी न्यायालयाने ती परीक्षाही रद्द केली. परीक्षा चुकवणारी मुलगी अशी नसते, हे मी त्या गिऱ्हाइकालाही सांगितले. तो पुन्हा आला होता, फावडे मागायला.

वर्गाच्या वहीत काय लिहायचे ते तूच ठरव. पाचवीपासूनच्या सहा वर्षांत गाळायचे काय आणि ठेवायचे काय हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळते. एवढेच सुचवतो की लिहिण्याआधी त्या मैत्रिणीला फोन कर, कारण ते वीस रुपये कोणाचे राहिले ते तिला माहीत असेल, आणि मलाही आता उत्सुकता लागली आहे.

भूमितीची वही आणि त्या दोन वह्यांची मागची पाने उद्याच्या रत्नागिरी एसटीने पार्सल करतो आहे. पाने अजून ओलसर आहेत. मध्ये घातलेले वर्तमानपत्र रोज बदल आणि पंख्याखाली ठेव, उन्हात ठेवलीस तर ती वाकतील. चिकटलेली पाने ओढून सोडवू नकोस, सुकली की बहुतेक सुटतात. आईने सोबत थालीपिठाची भाजणी दिली आहे, ती दळून आणलेली असल्यामुळे आत्याला पुन्हा दळायला सांगू नकोस. आत्याला नमस्कार.

तुझे,
बाबा