तारीख चुकते, म्हणून माहेरघर रिकामे राहते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरून अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीतून नेल्याचे छायाचित्र दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येते. मग रस्ता, पूल आणि रुग्णवाहिका यांची मागणी होते. मागणी रास्तच आहे. पण नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत ही झोळी उचलण्याची वेळ येणार की नाही, हे बहुतेक वेळा कित्येक महिने आधीच ठरलेले असते. बाईच्या कार्डावर बाळंतपणाची जी तारीख लिहिली जाते, तिथून हे सुरू होते. त्या तारखेबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

दुर्गम आदिवासी भागांसाठी राज्याची माहेरघर योजना आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात एक खोली असते. दिवस भरत आले की गरोदर बाईने सोबतीच्या माणसाला घेऊन तिथे येऊन राहायचे, म्हणजे कळा सुरू होतील तेव्हा ती डॉक्टरच्या हाताशी असेल. डोंगराळ भागासाठी याहून शहाणी कल्पना आम्हाला माहीत नाही. तरीही खाटा रिकाम्या राहतात आणि बाई पाड्यावरच बाळंत होते. ‘लोक येत नाहीत’ हे त्याचे ठरलेले उत्तर. ते अर्धेच खरे आहे.

शेवटच्या पाळीपासून मोजून पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली, तर तारखेत पाच-सात दिवसांचाच फरक पडतो. तीच तपासणी आठव्या महिन्यात केली तर फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. आता इथले वर्ष कसे चालते ते पाहा. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे गुजरातेत ऊसतोडीला आणि मजुरीला निघतात आणि होळीला परततात. तिकडे दिवस राहिलेली बाई फडावर असते, नाव कुठेच नसते. ती परतून नोंदणीला येते तोवर पाचवा-सहावा महिना लागलेला असतो, शेवटच्या पाळीची तारीख आठवत नाही आणि सिस्टर अंदाजाने एक तारीख लिहून मोकळी होते. तीन आठवडे चुकू शकणाऱ्या तारखेच्या आठवडाभर आधी बाईला माहेरघरात बोलावण्याला काय अर्थ आहे? एकतर ती कधीच बाळंत झालेली असते, किंवा पंधरा दिवस बसून कंटाळून घरी जाते आणि पाड्यावर सगळ्यांना सांगते की तिथे उगाच बसवून ठेवतात. पुढच्या दोन बाया मग येतच नाहीत.

यात एक बारीक चूक आणखी होते. ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत टेपने मोजले, तर २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान जितके सेंटिमीटर तितके साधारण आठवडे, हा उपकेंद्रातला सोपा हिशेब. पण आई अशक्त, रक्त कमी, बाळाची वाढ खुंटलेली असेल, तर टेप कमी आकडा दाखवतो. ३४ आठवड्यांची बाई ३१ ची धरली जाते आणि तारीख पुढे ढकलली जाते. म्हणजे जिला सगळ्यांत आधी बोलवायला हवे, तिलाच सगळ्यांत उशिरा बोलावणे जाते. एकदाच टेप लावून तारीख कधीच ठरवू नये. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मोजावे. आकड्यात तीन सेंटिमीटरची तफावत दिसली तर सोनोग्राफीला पाठवावे, आणि वाढ खुंटल्याची शंका असेल तर दोन्हींतली जी तारीख लवकरची असेल तीच धरून बोलवावे.

यावर उपाय महागडे नाहीत. आशाताईकडे लघवीच्या तपासणीचे ‘निश्चय’ किट असतेच. ते वर्षातून दोनदा घरोघर वापरले पाहिजे: दिवाळीआधी टोळी निघण्यापूर्वी, आणि होळीच्या आठवड्यात. होळीआधीचा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार आणि काठी गावची राजवाडी होळी यांच्या दिवसांत सातपुड्यातला माणूस घरी असतोच. एरवी पाड्यापाड्यांवर शोधूनही न भेटणाऱ्या बाया त्या आठवड्यात बाजारात भेटतात. तिथे तंबू टाकून नोंदणी करा, रक्त तपासा, सिकलसेल या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करा. सिकलसेलचे प्रमाण इथे मोठे आहे आणि गरोदरपणात तो आजार उसळतो. पाळीची तारीख विचारायची तर कॅलेंडर पुढे धरून उपयोग नाही. पाळी भोंगऱ्याच्या आधी आली की नंतर, अमावास्येच्या जवळ का, कुठल्या बाजारवाराला, असे विचारले की बाई चार-पाच दिवसांच्या फरकाने बरोबर सांगते. हे विचारणारी पावरी किंवा भिली बोलणारी हवी.

माहेरघराच्या आतल्या व्यवस्थेकडेही पाहू. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्याबद्दल ७०० रुपये मिळतात. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये राज्यात दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे ७०० रुपयांत एका माणसाचे तीन दिवसही भरत नाहीत. बाई आणि सोबतीण अशा दोघी दहा दिवस राहिल्या तर ५,९४० रुपयांची मजुरी बुडते. ही बुडीत मजुरी घरी जाण्याआधी हातात पडली पाहिजे. बँक खाते, आधार जोडणी आणि नावातले स्पेलिंग यांत ती अडकली की पुढच्या खेपेला कोणी विश्वास ठेवत नाही. धाकट्या पोराला बरोबर ठेवू देणे, रांधायला पाड्यावरचीच बाई आणि जेवणात मक्याची भाकर व डाळ, प्रसूतीच्या खोलीत दाईला सोबत राहू देणे, एवढ्यावर पुष्कळ काही ठरते. दाईला दाराबाहेर बसवले की ती पुढच्या बाईला दवाखान्यात आणत नाही, आणि तिच्या जागी आपण असतो तर वेगळे वागलो नसतो.

तरीही काही बाया पाड्यावरच बाळंत होणार. तिथे सर्वांत मोठा घात रक्तस्रावाने होतो. बाळंतपणानंतर अंगावरून फार गेले तर दोन तासांत जीव जाऊ शकतो, आणि इथले दोन तास नुसते रस्त्यापर्यंत उतरण्यात जातात. हा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वीज गेलेल्या उपकेंद्रात ते निकामी होते आणि बाटलीकडे पाहून ते कळतही नाही. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही, फक्त ओल लागू द्यायची नाही. पाकिटातून काढून सुट्या पुडीत बांधून दिल्या की त्या खराब होतात. मात्रा ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० च्या तीन गोळ्या, तोंडाने. त्या बाळ बाहेर आल्यावर आणि पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करूनच द्यायच्या. बाळ पोटात असताना दिल्या तर गर्भाशय फाटू शकते, म्हणून शिकवलेल्या हातातच त्या हव्यात. ज्या पाड्यांना पावसाळ्यात वाट नसते, तिथल्या आशाताईला हे शिकवून जूनच्या आधी गोळ्या देणे आवश्यक आहे.

झोळीबद्दलही थोडे. रस्ते होईपर्यंत झोळी राहणार, तर ती नीट तरी असावी. गोधडीच्या झोळीत बाई धनुष्यासारखी वाकते आणि पाठीवर पडते. भरलेल्या गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, रक्तदाब उतरतो, बाळाला रक्त कमी पडते. तिला डाव्या कुशीवर ठेवावे. ते जमत नसेल तर उजव्या कमरेखाली गोधडीची घट्ट घडी सारावी. कॅनव्हासचे, पट्ट्यांचे, घडी होणारे स्ट्रेचर प्रत्येक पाड्यावर ठेवायला किती खर्च येतो? खांदे बदलायला किमान आठ माणसे लागतात. ती कोण, हे आठव्या महिन्यातच ठरवून आशाताईच्या वहीत लिहिलेले असावे.

सरदार सरोवराच्या फुगवट्यात महाराष्ट्रातली ३३ गावे आली. त्यांतल्या मणिबेली, चिमलखेडी, भादल अशा नर्मदाकाठच्या वस्त्यांना बोट हाच रस्ता. पण उन्हाळ्यात पाणी उतरले की काठावर गुडघाभर गाळ उरतो आणि बोट टेकत नाही. पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का, रात्री थांबणारा नावाडी, आगाऊ डिझेल आणि मोबाइलला रेंज नसल्याने वायरलेस संच, या चार गोष्टींवाचून बोट रुग्णवाहिका नावापुरती उरते.

आणि शेवटी माणसे. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, क्युबेक प्रांतात हडसन उपसागराच्या काठी पुविर्नितुक नावाचे इनुइट लोकांचे गाव आहे. तिथल्या बायांना बाळंतपणासाठी विमानाने दक्षिणेला नेऊन आठवडेच्या आठवडे परक्यांत ठेवत. १९८६ मध्ये गावातच प्रसूतिकेंद्र उघडले, इनुइट बायांनाच सुईणीचे पूर्ण शिक्षण दिले, आणि पुढे इनुकजुआक आणि सालुइतमध्येही तेच केले. सिझेरियनची सोय तिथे विमानाच्या अंतरावर, म्हणून कोणाला गावात ठेवायचे आणि कोणाला वेळेआधी पाठवायचे याची छाननी अगदी कसून होते. सगळ्यांना एकाच तारखेच्या भरवशावर हलवत नाहीत. आपल्याकडेही पावरा आणि भिल्ल मुलींना नर्सिंगनंतर मिडवाइफरीचे शिक्षण देऊन त्यांच्याच तालुक्यात नेमता येईल. मैदानी भागातून बदलीवर आलेली सिस्टर चांदसैली घाटातली पहिली दरड पाहिली की बदलीचा अर्ज लिहायला घेते. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

आरोग्य विभागाकडे आमची मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या मासिक आढाव्यात संस्थात्मक प्रसूतीच्या टक्केवारीशेजारी आणखी एक रकाना घाला: कार्डावरची तारीख आणि प्रत्यक्ष बाळंतपणाची तारीख यांत किती दिवसांचा फरक पडला. घरी बाळंतपण झाले म्हणून आशाताईला जाब विचारणे थांबवा, नाहीतर ही नोंदही खरी येणार नाही. येत्या होळीच्या आधी धडगाव, मोलगी आणि तोरणमाळ इथे सोनोग्राफीचे वार ठरवून द्या, आणि त्या दिवशी पाड्यावरून बायांना आणण्या-नेण्याची गाडीही.

आपले,
सातपुड्यात माता-बाल आरोग्याचे काम करणारे काही कार्यकर्ते,
धडगाव, जि. नंदुरबार