शेंडीफोड्या 'श'ची पत्रिका
मुलीच्या लग्नाची पत्रिका दादरला छापायला टाकली. प्रूफ आलं, तर 'शुभविवाह'चा श शेंडीफोड्या आणि 'लग्न'चा ल दंडाचा; दोन्ही हिंदी वळणाचे. "काका, फॉन्टच तसा आहे," असं उत्तर मिळालं. तसं नसतं! नोटोसारख्या मोफत युनिकोड फॉन्टात मराठी वळणाचे गाठीचा श आणि पाकळीचा ल आधीपासून असतात. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली, की अक्षराचं वळण बदलतं, संगणकातला त्याचा संकेतांक (अक्षराचा ठरलेला क्रमांक) तोच राहतो. राज्य सरकारने २००९ सालीच ही मराठी वळणं प्रमाण ठरवली आहेत. छापखानेवाल्यांनी भाषेचा मेनू एकदा उघडून बघावा. पत्रिका मी परत पाठवली आहे.
- एक वधुपिता, मुंबई