आत्याची फाईल

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

रविवारी बाबांनी विचारलं, "७ वर्षं झाली, औषध निघालं का गं?" मी "अजून नाही" एवढंच म्हणून फोन ठेवला. तुम्हाला लागलं असणार. माझं २ वर्षांचं काम त्याच आठवड्यात बंद पडलं होतं, तोंडातून शब्द फुटेना.

औषधानं नेमका कुठे घाव घालायचा, ती जागा शोधणं हे आमचं काम. तिला आम्ही टार्गेट म्हणतो. आत्याची केमो आठवते ना? रामबागेतल्या घरी आई तिच्यासाठी मऊ पोहे करायची, पण तोंड आलेलं, घास उतरेना. फणीत केसांचे पुंजके. भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर ते औषध चालायचं, मग केसांची मुळं आणि तोंडाचं अस्तर कसं वाचणार? म्हणून अशी गोष्ट हुडकायची, जिच्यावाचून कॅन्सरची पेशी जगणार नाही, पण निरोगी पेशीचं अडणार नाही.

याला वेळ लागतो, बाबा. १९६० साली फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफर्ड या शास्त्रज्ञांना रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये एक गुणसूत्र आखूड दिसलं. ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेत, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्या चुकीच्या जोडातून तयार होणाऱ्या प्रथिनाला अडवणारी गोळी, इमॅटिनिब, अमेरिकेत मंजूर झाली २००१ मध्ये. ४१ वर्षं!

मी टार्गेट म्हणून धरलेल्या प्रथिनाचं जनुक क्रिस्परनं, म्हणजे जनुक कापायच्या तंत्रानं, काढून टाकलं की कॅन्सरच्या पेशी मरायच्या. किती आनंदात होते मी! मग निरोगी पेशींवर तेच केलं. त्याही मेल्या. तीनदा करून पाहिलं. सोडलं ते. आता दुसरं प्रथिन धरलंय.

आत्यानं जन्मात सिगारेट ओढली नाही, तरी फुफ्फुसाचा कॅन्सर. २००३ च्या श्रावणात ती गेली. २००४ मध्ये बॉस्टनच्या दोन गटांनी दाखवलं, की ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल असेल तर जेफिटिनिबच्या गोळीनं गाठ आटते. सिगारेट न ओढणाऱ्या आशियाई बायकांत हा बदल बराच सापडतो. आत्याला तो होता की नाही, कोण सांगणार; तेव्हा ही तपासणीच नव्हती. पण त्या एका वर्षाचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, आई.

दिवाळीला इंदूरला येतेय. तिची फाईल माळ्यावरच्या ट्रंकेत असेल, रद्दीत देऊ नका. बायोप्सीचा तो कागद मला एकदा नीट वाचायचाय.

तुमची,
मुक्ता