टोकियोनंतर अदिती कुठे गेली म्हणतोस?

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचला, "ती गोल्फवाली पोरगी, ऑलिम्पिकला चौथी आली होती ती, नंतर गायबच झाली ना रे?" दोन ओळींत उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण मग म्हटलं छ्या, या माणसाला नीटच लिहायला पाहिजे, कारण गायब बियब काही झालेली नाहीये ती, आपण टीव्ही बंद केला एवढंच. त्यामुळे आता भोग, लांबलचक पत्र आहे.

तुला जी आठवतेय ती ७ ऑगस्ट २०२१ ची पहाट. आपल्याकडे उजाडलंही नव्हतं आणि ज्यांनी जन्मात गोल्फ बघितला नाही ते लोक व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना बर्डी म्हणजे काय ते समजावत होते (एका होलला जितके फटके ठरलेले ते पार, त्याहून एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त तर बोगी). अदिती अशोक, बेंगळुरूची, वय २३, जागतिक क्रमवारीत २०० वी, आणि तीन राऊंड झाल्यावर एकटी दुसऱ्या नंबरवर! पुढे फक्त नेली कोर्डा, जी तेव्हा जगात पहिली होती. शेवटच्या दिवशी पाच बर्डी, दोन बोगी, म्हणजे ६८, आणि तरी मेडल गेलं एका स्ट्रोकने, म्हणजे एका फटक्याने. नेली चार दिवस मिळून १७ अंडर, म्हणजे पारपेक्षा १७ फटके कमी, मोने इनामी आणि लिडिया को १६ अंडर, ही १५ अंडर. मग संध्याकाळी नीरजने भाला फेकला आणि सकाळचं सगळे विसरले, आणि त्यात वावगं काही नाही म्हणा, गोल्ड ते गोल्ड.

पण हळहळ करणाऱ्यांचं एक मला पटत नाही. "थोडक्यात हुकली बिचारी." अरे बिचारी कसली? चार दिवसांचे स्कोअर बघ, ६७, ६६, ६८, ६८. पार ७१ चं कोर्स आहे ते, कासुमिगासेकी. चारही दिवस साठच्या घरात खेळलीय बाई. लिडिया आणि इनामी दोघींनी शेवटच्या दिवशी ६५ मारले, त्याला ही काय करणार? त्यांचा बॉल जाऊन अडवता येत नाही गोल्फमध्ये, तुझा तू खेळायचा आणि स्कोअर लिहायचा. त्यात स्पर्धेच्या काही आठवडे आधी तिला कोविड होऊन गेलेला, अंगातली ताकद गेलेली, आणि मुळात तिचा ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, आखूड, तो अजून आखूड झालेला.

हे ड्राइव्हचं प्रकरण तुला कळलं की बाकीचं सगळं कळेल म्हणून जरा थांबून सांगतो. समज एक लांबलचक पार ४ आहे, म्हणजे चार फटक्यांचं होल. नेली पहिल्या फटक्यात बॉल इतका पुढे टाकते की अदितीचा बॉल तिच्या मागे चाळीस-पन्नास यार्डांवर पडलेला असतो. म्हणजे दुसरा फटका नेहमी अदितीने आधी मारायचा, दररोज, जवळजवळ प्रत्येक मोठ्या होलला, आणि तोही हातात हायब्रिड किंवा लांब क्लब, म्हणजे लांब मारायची काठी, घेऊन. नेली मात्र आरामात छोटा आयर्न, म्हणजे जवळच्या फटक्याची काठी, काढणार. छोट्या आयर्नचा बॉल उंच जातो, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, टप्पा पडला की दोन पावलांत थांबतो. लांब क्लबचा बॉल खालून येतो, घरंगळत जातो, कधी ग्रीनच्या पलीकडे जाऊन गवतात बसतो. मग तिथून चिप करून, म्हणजे छोटा फटका उचलून, जवळ आणायचा आणि पट घालायचा, म्हणजे ग्रीनवरून हळू ढकलून भोकात टाकायचा, आणि बोगी व्हायची ती पार होते. हेच तिचं करिअर आहे बघ. पटर, ती ढकलायची काठी. दहा फुटांवरून, पंधरा फुटांवरून ती पट अशा काही घालते की लांब मारणारीने केलेली सगळी कमाई तिथे ग्रीनवर वसूल. स्क्रीनवर बघताना ते काही भारी दिसत नाही, उगाच हळू ढकलल्यासारखं वाटतं, पण त्याआधी ती उतार किती वेळ वाचत असते ते बघ कधीतरी, बॉलच्या मागून, मग पलीकडून, मग परत मागे येऊन.

आता सुरुवातीचं थोडक्यात. पाच वर्षांची असताना कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या सरावाच्या रेंजवर आईबाबांबरोबर पहिल्यांदा गेली, घरात कोणीच गोल्फ खेळणारं नव्हतं, तिघंही एकदमच शिकायला लागले. मग ज्युनिअर, अमॅच्युअर वगैरे सगळं, २०१५ ला ब्रिटिश ओपन अमॅच्युअर स्ट्रोक प्लेसुद्धा जिंकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोरोक्कोत लेडीज युरोपियन टूरचं, म्हणजे युरोपातल्या बायकांच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचं, क्यू स्कूल झालं, तिथे पहिली आली. क्यू स्कूल म्हणजे शाळा नव्हे रे, टूरचं कार्ड मिळवायची परीक्षा, त्यात नापास तर वर्षभर मोठ्या स्पर्धांना दारच बंद. ही १७ वर्षांची आणि बारावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर. जानेवारी २०१६ मध्ये प्रो झाली, बारावी दिली आणि ऑगस्टमध्ये रिओला ऑलिम्पिक! बायकांचं गोल्फ ऑलिम्पिकमध्ये १९०० नंतर थेट तिथेच परत आलं होतं. कॅडी, म्हणजे बॅग घेऊन सोबत चालणारा, कोण तर बाबा. पहिले दोन दिवस ६८, ६८ मारून वरच्या दहांत होती, मग ७९ आणि ७६, शेवटी ४१ वी. वय १८.

आणि इथे लोक म्हणतात ना की पोरगी दमली, प्रेशर झेपलं नाही, त्यांनी नोव्हेंबर बघावा. गुरगावला इंडियन ओपन जिंकली, लेडीज युरोपियन टूरवर जिंकलेली पहिली भारतीय. त्यानंतर दोन आठवड्यांत कतारला परत जिंकली. त्या वर्षीची टूरची रूकी ऑफ द इयर, म्हणजे नवख्यांतली सर्वोत्तम, तीच. पुढच्या वर्षी अबू धाबीला तिसरं टायटल, आणि अमेरिकेत एलपीजीए टूरवरही, म्हणजे तिथल्या बायकांच्या व्यावसायिक टूरवर, खेळायला लागलेली. (एलपीजीएवरची पहिली भारतीय ही नव्हे हां, ती सिमी मेहरा, नव्वदच्या दशकात. तिचं नाव आज कोणाला विचारलं तर शंभरात एकाला माहीत असेल, आणि तो एक पण गोल्फ क्लबचा मेंबर असणार.)

तुला आकड्यांची आवड म्हणून पैशाचं सांगतो, कारण टीव्हीवर ते कोणी सांगत नाही. तुझ्या क्रिकेटमध्ये टीमला बोर्ड आहे, विमान, हॉटेल, फिजिओ सगळं बोर्ड बघतं. गोल्फर म्हणजे स्वतःच बोर्ड. तिकीट स्वतःचं, हॉटेल स्वतःचं, कॅडीला आठवड्याचा ठरलेला पगार आणि वर बक्षिसातला टक्का, कोच वेगळा, ट्रेनर वेगळा. आणि स्पर्धेला आली म्हणून पैसे मिळतात असं नाही. गुरुवार-शुक्रवार दोन राऊंड होतात, एलपीजीएच्या नेहमीच्या स्पर्धेत साधारण १४४ जणी, त्यातल्या वरच्या ६५ आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेल्या पुढे जातात, त्याला कट म्हणतात. बाकीच्या शुक्रवारी संध्याकाळी बॅग भरतात. बहुतेक ठिकाणी त्यांच्या हातात भोपळा, खर्च मात्र सगळा झालेला. म्हणजे एखादीने आठवडाभर खूप वाईट नाही, फक्त एका स्ट्रोकने वाईट खेळलं तरी तो आठवडा तिला स्वतःच्या खिशातून पडतो. आणि पुढच्या सोमवारी दुसरा देश, दुसरं गवत, दुसरी हवा. वर्षाच्या शेवटी पॉइंट्स कमी पडले की कार्ड गेलं, परत क्यू स्कूल. शुक्रवारचा कट हा खरा खेळ आहे पक्या, रविवारची ट्रॉफी ही नशीब उजळलं तर. आणि एवढ्या आखूड ड्राइव्हवर ती इतकी वर्षं त्या टूरवर टिकून आहे याचं कौतुक मला टोकियोपेक्षा जास्त वाटतं, तुला पटो न पटो.

तू गायब म्हणतोस ना, तर २०२३ बघ फक्त. फेब्रुवारीत केनियात जिंकली, तीही नऊ स्ट्रोकनी, म्हणजे शेवटच्या दिवशी बाकीच्या फक्त दुसऱ्या नंबरसाठी खेळत होत्या. एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसला एलपीजीएच्या स्पर्धेत प्लेऑफपर्यंत, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा होलपर्यंत, गेली, तिघी बरोबरीत, जिंकली हॅना ग्रीन. आणि नोव्हेंबरमध्ये स्पेनचं ओपन जिंकली. आपल्याकडे त्याची बातमी शोधावी लागली मला, क्रिकेट वर्ल्डकप आठवड्यापूर्वीच संपला होता, कोणाला पडलंय स्पेनचं.

मधे हांगचौ. एशियन गेम्स. याचं मात्र मला अजून वाईट वाटतं, टोकियोपेक्षा कितीतरी जास्त. तीन दिवस ६७, ६६ आणि तिसऱ्या दिवशी ६१! एकसष्ट म्हणजे काय सांगू तुला, त्या दिवशी तिला भोक बादलीएवढं दिसत असणार. शेवटच्या दिवशी सात स्ट्रोकची लीड घेऊन उतरली. सात! आणि ७७ मारले. थायलंडची अर्पिचाया युबोल मागून आली आणि गोल्ड घेऊन गेली, अदितीला सिल्व्हर. एशियन गेम्समध्ये गोल्फचं मेडल घेणारी पहिली भारतीय बाई, पण ते वाक्य वाचताना पण कसंतरी होतं. टोकियोत दुसऱ्यांनी तिच्यापेक्षा चांगलं खेळून नेलं, इथे तिच्याच हातून निसटलं. चोवीस तासांत तीच बाई, तेच कोर्स, तेच क्लब, सोळा स्ट्रोकचा फरक. याचं कारण काय ते मला विचारू नकोस, गोल्फवाले लोक "गेला दिवस" म्हणतात आणि पुढच्या रेंजला जातात. आणि ती गेलीच की, ते स्पेनचं टायटल याच्यानंतरचंच आहे, दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

२०२४ ला पॅरिस, तिसरं ऑलिम्पिक, २९ वी आली. त्यावर कोणी पहाटे उठलं नाही.

अजून एक नाव देऊन ठेवतो, दीक्षा डागर. हरियाणाची, डावखुरी, लहानपणापासून ऐकू येत नाही, हिअरिंग एड लावून खेळते. २०१९ ला १८ वर्षांची असताना साउथ आफ्रिकन ओपन जिंकली, डेफलिम्पिक्सचं, म्हणजे कर्णबधिरांच्या ऑलिम्पिकचं, गोल्ड आहे तिच्याकडे, २०२३ ला चेक ओपनही जिंकलं. टोकियोला तिला ऐनवेळी जागा मिळाली, कोणीतरी माघार घेतली म्हणून. तिच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, आज हात दुखला.

बरं, तू पुढच्या वेळी लीडरबोर्ड बघशील तेव्हा एक कर, वरचे दहा बघून बंद करू नकोस. शुक्रवारी रात्री कटच्या आसपासची नावं बघ, एक स्ट्रोक आत, एक स्ट्रोक बाहेर, खरी हाणामारी तिथे असते. आणि आईंचा गुडघा कसा आहे ते कळव, मागच्या वेळी विचारलं होतं तर तू नेहमीप्रमाणे क्रिकेटवर गेलास.

तुझा,
नित्या