काका, ते पान फाटलेलं नव्हतं

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

चार्ल्स डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ची तुमची प्रत अजून माझ्याकडेच आहे. परवा रात्री ती उघडून बसले आणि अकराव्या प्रकरणापाशी हात थांबला. पान जागच्या जागी होतं. फाटलेलं नाही, दुमडलेलं नाही, कोपरासुद्धा शाबूत. समासात तुमच्या पेन्सिलीची एक बारीक खूण, कुठल्याशा चुकलेल्या स्वल्पविरामासाठी. मी मागचीपुढची पानं चाळली, मग अख्खं पुस्तक चाळलं. एकही पान फाटलेलं नाही.

म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही खोटं बोललात. जन्मभर प्रुफं तपासली, कुणाचा साधा ऱ्हस्व-दीर्घ सोडला नाहीत, आणि भर वर्गात एका छापील पानाबद्दल धडधडीत खोटं बोललात. तेही माझ्यासाठी. आणि मला ते कळायला अडीच महिने लागले. तोंडावर आभार मानायला आले तर तुम्ही चष्मा पुसायला घ्याल आणि विषय बदलाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे उघड पत्र. यात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

वर्गातल्या बाकीच्यांना तो प्रसंग आठवतही नसेल. अभिजात कादंबऱ्यांचा तो अभ्यासवर्ग, विषय ‘लेखकाचं आयुष्य आणि त्याचं लेखन’. वर्ग घेणाऱ्या गृहस्थांनी डिकन्सचं बालपण पाच मिनिटांत उरकलं. 1824 साल, कर्ज फेडता न आल्यामुळे वडील लंडनच्या मार्शलसी तुरुंगात, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटाच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात रोज दहा तास बरण्यांवर लेबलं चिकटवतोय, आठवड्याला सहा शिलिंग. मग त्यांनी हात चोळले आणि म्हणाले, आता प्रत्येकाने आपल्या बालपणातलं एक साम्य सांगायचं. गोल फिरत पाळी येऊ लागली. कुणी सायकल न मिळाल्याचं दुःख सांगितलं, कुणी वसतिगृहाचं. माझी पाळी आली. मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. ते गृहस्थ पुढे झुकले, “बोला, मोकळ्या व्हा, इथे सगळे आपलेच आहेत.” सगळे आपलेच माझ्याकडे बघत होते.

तेव्हा तुम्ही खाकरलात. “एक मिनिट हं, माझ्या प्रतीतलं हे पान फाटलंय. यांच्या पुस्तकातून वाचतो,” असं म्हणून माझ्या हातातून पुस्तक घेतलंत आणि मोठ्याने वाचायला लागलात. कुणी अडवलं तरी थांबेना. दोन पानं, तीन पानं, शेवटी वेळ संपली. पुस्तक परत देताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. खुर्ची सरकवलीत, छत्री घेतलीत, गेलात.

मी त्या दिवशी काय सांगणार होते, ते इथेही लिहिणार नाही. माझ्याही लहानपणी एक मार्शलसी होती, एवढं पुरे. तुम्ही कधी विचारलं नाहीत.

आता जरा मागचा हिशेब. तो मांडल्याशिवाय तुम्ही काय दिलंत ते नीट कळणार नाही. कॉलेजात मला ज्यांनी साहित्य शिकवलं, त्यांनी ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ हे वाक्य इतक्या वेळा लिहून घेतलं की आरसा दिसला की मला अजून समास आखावासा वाटतो. लेखकाचा जीवनपट पाच गुणांना. जन्म, मृत्यू, ग्रंथसंपदा, पुढचा प्रश्न. ‘जेन एअर’ शिकवताना मी एकदा विचारलं होतं, जेनची शाळेतली मैत्रीण हेलन बर्न्स खरंच कुणी होती का? उत्तर मिळालं, हे पेपरात येत नाही. होती, काका. लेखिका शार्लट ब्राँटीची थोरली बहीण मारिया. हे मला तुमच्याकडून कळलं, पंधरा वर्षांनी. एकांनी लेखकाचं आयुष्य दोन सालांच्या कंसात कोंबलं, आणि दुसऱ्यांनी ते आमच्याकडून कबुलीजबाब काढायला वापरलं. दोघांनाही पुस्तकाशी काही घेणं नव्हतं.

एक कबूल करते. त्या संध्याकाळनंतर मला तुमचा राग आला होता. तीन वर्ग मी तुमच्यापासून लांब, खिडकीशी जाऊन बसले. बाकीच्यांना काही कळलं नव्हतं, तुम्हाला मात्र कळलं होतं, हेच खुपत होतं. तुम्ही जवळ आला नाहीत. चौथ्या वेळी जिन्यात गाठ पडली, तेव्हा सहज म्हणालात, “बॉब फॅगिनची गोष्ट वर्गात राहूनच गेली, नाही?” आणि तिथेच, कठड्याला टेकून सांगितलीत.

कारखान्यात बॉब फॅगिन नावाचा एक अनाथ मुलगा होता, चार्ल्सपेक्षा मोठा. एके दिवशी चार्ल्सच्या कुशीत जुनी कळ उठली. गवत अंथरून त्याला झोपवलं गेलं, बॉबने पॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरलं आणि अर्धा दिवस त्या त्याच्या कुशीला लावत बसला, एक गार झाली की दुसरी. संध्याकाळी बरं वाटलं, पण बॉब त्याला एकट्याला घरी सोडेना. आणि घर तर तुरुंगात. ते सांगायची लाज. चार्ल्सने त्याला कटवायचा खूप प्रयत्न केला, बॉब आपला चांगुलपणाने बहिरा होऊन बरोबर चालतोय. शेवटी सदर्क पुलाजवळच्या कुठल्यातरी घराच्या पायरीवर चार्ल्सने त्याचा हात हातात घेऊन निरोप घेतला, हेच आपलं घर म्हणून. आणि बॉबने मागे वळून पाहिलंच तर असावं म्हणून दार ठोठावलं. बाईने दार उघडल्यावर विचारलं, मिस्टर रॉबर्ट फॅगिन इथेच राहतात का? म्हणजे बॉबचंच नाव.

मी हसले. मग हसू गेलं. तुम्ही पुढचं सांगितलंत. बारा-तेरा वर्षांनी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ लिहिताना, पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला डिकन्सने नाव दिलं फॅगिन. ज्याने गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या त्याचंच. “असं का केलं असेल?” मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “ज्याने आपल्याला तशा अवस्थेत पाहिलं, त्याचा कधीकधी रागच येतो माणसाला.” आणि छत्री उघडून निघून गेलात.

पुढच्या वर्गाला मी पुन्हा तुमच्या शेजारी येऊन बसले. त्यावरही तुम्ही काही बोलला नाहीत.

तिथून पुढे तुम्ही मला जे वाचायला शिकवलंत, त्याला तुम्ही शिकवणं म्हणत नव्हता. “मी प्रूफरीडर. मूळ प्रत आणि छापील प्रत शेजारी ठेवायची, फरक कुठे आहे ते बघायचं. जुळतंय तिथे आपलं काम नाही.” एवढंच. पण त्या एका वाक्याने आरसा फुटला. तोवर मी लेखकाचं आयुष्य पुस्तकात जिथे जसंच्या तसं उतरलंय तिथे शोधत होते. तुम्ही बोट ठेवलंत ते त्याने जिथे बदललं तिथे.

कॉपरफील्डच घ्या. अकराव्या प्रकरणात डेव्हिडही लहान वयात कामाला लागतो. पॉलिशच्या बरण्यांच्या जागी दारूच्या बाटल्या आल्या, ते किरकोळ. पण डेव्हिडला आई-वडील नाहीत. वडील त्याच्या जन्माआधीच वारलेले, आणि कामाला लागायच्या आधी आईही गेलेली. खऱ्या आयुष्यात वडील तुरुंगातून सुटले, मुलाचं कारखान्यातलं काम सुटलं, आणि आईचा आग्रह होता की त्याने परत कामावर जावं. ते आपण कधी विसरलो नाही, कधी विसरूच शकणार नाही, असं डिकन्सने लिहून ठेवलंय. कादंबरीत मात्र परत धाडणारी आईच ठेवली नाही. एक गोड, दुबळी आई लिहिली आणि तिला आधीच देवाघरी पाठवलं. तिला दोष द्यायचा नव्हता की तिला माफ करता येत नव्हतं, मला ठरवता येत नाही. तुम्हीही ठरवलं नाहीत, ते बरं वाटलं.

मारियाचं तसंच. 1825 साली क्षयाच्या आजारात तिला शाळेतून घरी नेलं, आणि मे महिन्यात ती अकरा वर्षांची असताना गेली. नऊ वर्षांची शार्लट तेव्हा शाळेतच होती. ‘जेन एअर’मध्ये हेलन शाळेतच मरते, आणि जेन रात्री चोरपावलांनी जाऊन तिच्या अंथरुणात शिरते, तिच्या गळ्यात हात टाकून झोपते. जो निरोप घ्यायला मिळाला नाही, तो बावीस वर्षांनी कागदावर घेतला. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं, तर मी पाच गुण आनंदाने सोडले असते.

पण तुमचा खरा आनंद रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीत होता. ‘सहाचा आठ झालाय’ म्हणून तुम्ही मला फोन केलात, रात्री दहा वाजता, आवाजात तीच खुशी जी प्रुफात घोडचूक सापडल्यावर होत असेल. 22 डिसेंबर 1849, पीटर्सबर्गचा चौक, राजद्रोहाबद्दल गोळ्या घालून मृत्युदंडाची शिक्षा, तिघातिघांना खांबाकडे नेतायत. दस्तयेवस्की रांगेत सहावा, म्हणजे दुसऱ्या खेपेत. आयुष्याचं जेमतेम एक मिनिट उरलं होतं, असं त्याने त्याच दिवशी भावाला कळवलं. मग झारची माफी वाचून दाखवली. सगळा देखावा आधीच ठरलेला. जवळजवळ वीस वर्षांनी त्याच्या ‘इडियट’ कादंबरीत नायक मिश्किन हीच हकिकत सांगतो, पण आपली म्हणून नाही. मला एक माणूस भेटला होता, असं म्हणून. आणि तो माणूस रांगेत आठवा, तिसऱ्या खेपेत. त्याला पाच मिनिटं मिळतात. सोबत्यांचा निरोप घ्यायला दोन, स्वतःचा विचार करायला दोन, शेवटचं आजूबाजूला बघून घ्यायला.

तुम्ही म्हणालात, “छपाईची चूक नाही ही. चार मिनिटं वाढवून घेतलीत त्याने.” मग फोनवर बराच वेळ आपण दोघंही काही बोललो नाही.

समाजाचं काय, असं मी एकदा विचारलं, म्हणजे आरशातला तो. तुम्ही जेन ऑस्टिन हातात दिलीत आणि फक्त एक आकडा सांगितलात, सत्तावीस. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली शार्लट लुकस सत्तावीस वर्षांची असताना त्या बावळट कॉलिन्सला होकार देते. प्रेम नाही, पण घर मिळतंय. डिसेंबर 1802 मध्ये ऑस्टिनला एका मोठ्या इस्टेटीच्या वारसाने मागणी घातली. तिला सत्तावीस पूर्ण व्हायला दोन आठवडे होते. संध्याकाळी होकार दिला, सकाळी मोडला. पुढे 1805 मध्ये वडील गेले आणि आई, बहीण नि ती, तिघी भावांच्या मदतीवर आल्या. तिची पुस्तकं निघाली, पण ती हयात असेतो मुखपृष्ठाच्या आत तिचं नाव छापलं गेलं नाही. 1811 च्या पहिल्या कादंबरीवर नुसतं ‘एका स्त्रीने लिहिलेली’. तरी तिने शार्लटची टिंगल केली नाही. नायिका करते थोडी, लेखिका करत नाही. होकार देऊन जगायचं कसं असतं, ते तिने त्या दुसरीकडून जगवून पाहिलं. मी या प्रकरणावर पूर्वी ‘तत्कालीन समाजातील विवाहसंस्था’ असा निबंध लिहिला होता. चांगले गुण होते. त्यात सत्तावीस नव्हतं.

लिहिता लिहिता भरकटले. तुम्ही असतात तर समासात उभी रेघ मारली असतीत.

चांगुलपणा म्हटलं की लोकांना देणारे हात दिसतात. मला आता वेगळीच माणसं दिसायला लागली आहेत. योग्य वेळी दुसरीकडे बघणारी. एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आलं की खिडकी उघडायला उठणारी. पडलेलं माणूस उठेपर्यंत आपल्या चपलेचा पट्टा नीट करत बसणारी. त्यांचं कुणी कौतुक करत नाही, कारण त्यांनी काही केलेलंच दिसत नाही. बॉब फॅगिनने त्या पुलापाशी मागे वळून पाहिलं की नाही, ते डिकन्सलाही ठाऊक नव्हतं. मला वाटतं, बॉबला सगळं कळलं होतं. चांगुलपणाने तो बहिरा झाला होता, तसा शेवटी आंधळाही झाला असेल. हा माझा तर्क, पुरावा काही नाही. पण अडीच महिन्यांपूर्वी मीही एका खोट्या दारापाशी उभी होते, आणि कुणीतरी मला तिथे सोडून, मागे न वळता, छत्री घेऊन चालू लागलं होतं.

त्या तीन वर्गांबद्दल माफ करा. प्रत या आठवड्यात आणून देते. चुका सापडतीलच, हे पत्र कुणाला तपासायला दिलेलं नाही. आणि या पत्रातही एक गोष्ट मी बदलून लिहिली आहे. तुम्हाला ती पहिल्या वाचनातच दिसेल. खूण करू नका.

तुमच्या शेजारच्या खुर्चीतली